आधी तंग, मग खोगीर

या वीकांताला कंप्युटरला सुट्टी, विषय घोड्याचा :-)

आमच्या कंपूत घोडेस्वारीचं खूळ बऱ्याच जणांना लागलंय. रिंगणात गोल गोल फिरून कंटाळा आला की पुढची पायरी ठरलेली, लांबची रपेट. "परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट घोड्यावर चढायचा का?" अशी चर्चा सुरू होते आणि मग हमखास प्रश्न येतो, "खोगीर कोणतं घेऊ?"

माझं मत विचाराल तर हा प्रश्न नंतरचा. आधी तंगाचं बघा.

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा, खोगीर धरून ठेवणारा पट्टा. आपल्याकडे तो दिसतो वरातीत. अमरावती काय न् अकोला काय, लग्नसराईत घोड्याला निवारीचा पट्टा करकचून आवळलेला असतो. कारणही उघड आहे, वरचा नवरदेव जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला असतो! वरात तासा-दोन तासांची, चाल मुंगीची, त्यामुळे निभावून जातं. तोच प्रकार ४० किलोमीटरला केला तर घोड्याची कातडी सोलून निघते. अकोल्याकडचे एक घोडेवाले काका मला म्हणाले होते, "भाऊ, तंग आवळला म्हंजे खोगीर बसलं असं नाही. बसत नाही म्हनूनच त आवळा लागते!"

लाख बोललात काका. मूळ दोष न शोधता वरून पॅच मारायची सवय आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना चांगली ठाऊक आहे.

आता खोगीर सरकतं का ते बघू. घोड्याच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, साधारण चार बोटांवर, छातीचा घेर अरुंद होतो. चालता चालता तंग आपोआप त्या खाचेत जाऊन बसतो. खोगिराला पट्टे जिथे जोडलेत ती जागा बरोबर खाचेच्या वर आली तर सगळं ठीक. ती मागे असेल तर तंग पुढे जाताना खोगिरालाही खांद्यावर ओढून नेतो. फार पुढे असेल तर तंग कोपराला घासतो. म्हणून लांब पल्ल्याच्या बऱ्याच खोगिरांना पुढून एक आणि मागून एक असे दोन पट्टे असतात. ते खाली व्ही आकारात एकत्र येतात आणि ताण वाटला जातो. लोड बॅलन्सिंग म्हणा हवं तर. शिवाय पट्टे कमी-जास्त करून तंगाची जागाही थोडी हलवता येते.

गोल पोटाच्या तट्टांमध्ये ही खाच आणखी पुढे असते. तिथे जास्त आवळण्यापेक्षा शेपटीखालून जाणारी दुमची लावावी. घाट चढताना खोगीर मागे जातं, त्यासाठी छातीवरून पट्टा घ्यावा. सगळी कामं एकट्या तंगावर टाकू नयेत.

तंग कशाचा असावा? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो, हे आधी आठवा. निओप्रीन धुवायला सोपं, पण ते घाम शोषत नाही आणि खाली वाफ कोंडते. माझी पसंती लोकरीच्या किंवा मोहेरच्या दोऱ्यांच्या रुंद तंगाला. हवा खेळती राहते. मात्र तो धुवायचा आळस नको. आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि घामाचं मीठ त्यावर वाळलं की त्याचा पॉलिश पेपर होतो.

बांधायची पद्धतही महत्त्वाची. बरेच घोडे तंग बांधताना छाती फुगवतात. म्हणून आधी हलका बांधावा, चार पावलं चालवावं, मग पुन्हा बघावं. पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले की तंगाखाली अडकलेली कातडीची घडी सुटते. शेवटी दोन बोटं आत सहज गेली पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल, आपले बारगीर कुठे एवढा विचार करत होते? नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात थेट बंगालपर्यंत गेल्याच ना? अहो, विचार होता म्हणूनच गेल्या. ज्या भाषेत घोड्याच्या सगळ्या सामानाला 'तंगतोबरा' म्हणत, तिथे तंग क्षुल्लक कसा असेल? आपण मात्र 'खोगीरभरती' तेवढी लक्षात ठेवली, तीही शिवी म्हणून!

आंतरराष्ट्रीय एंड्युरन्स शर्यती एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंतच्या असतात. प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा थांबवून नाडी मोजतात (ठरलेल्या वेळात ती मिनिटाला ६४ पर्यंत उतरावी लागते), चाल बघतात, पाठ आणि तंगाची जागा चाचपतात. घोडा दुखावलेला दिसला तर स्पर्धा तिथेच संपते. आपल्या वीकांताच्या रपेटीत असा कोणी नसतो. घोडा बग रिपोर्टही टाकत नाही. तो फक्त कान मागे पाडतो, तंग बांधताना चावायला येतो, आणि आपण म्हणतो, "माजलाय."

म्हणून पुढच्या वेळी कोणी "खोगीर कोणतं घेऊ?" विचारलं तर मी उलट विचारणार, "घोडा कोणता? त्याची पाठ मोजलीस? तंग कुठे बसतो ते पाहिलंस?" याची उत्तरं आली तरच पुढे बोलू. नाहीतर चिखलदऱ्याला एसटी जातेच की!