कल्पकास कारखानदार हवा

सालेकसा येथील एक गृहस्थ गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे सल्ल्यासाठीं आले होते. त्यांच्या पुतण्यानें धानांतील खडे व फोल वेगळे करणारें एक यंत्र घरच्या गोठ्यांत बसून रचिलें आहे. त्यास भांडवल म्हणून दोन एकर बांधी विकावी कीं काय, यावरून एकत्र कुटुंबांत दोन तट पडले आहेत. मुलाच्या बुद्धीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु अडचण केवळ पैशाची आहे काय?

जेम्स वॅटची हकीकत पाहावी. वाफेच्या यंत्राचें पेटंट त्यास १७६९ मध्यें मिळालें. परंतु पहिला भागीदार रोबक याचें दिवाळें निघालें. तेव्हां बर्मिंगहॅमजवळील सोहो येथील कारखानदार मॅथ्यू बोल्टन यानें रोबकचा हिस्सा घेतला, आणि १७७५ मध्यें पंचवीस वर्षांची भागी सुरू झाली. बोल्टनपाशीं पैशाखेरीज निष्णात कारागीर होते आणि गिऱ्हाइकाची पारख होती. सिलिंडर अचूक कोरण्याचें काम विल्किन्सनकडून करवून घेण्यांत आलें. जुन्या यंत्राच्या मानानें जो कोळसा वांचेल, त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा खाणमालकांकडून घ्यावयाचा, असा करार असे. वॅटला व्यवहाराची धास्तीच होती. ती बाजू बोल्टननें सांभाळली.

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनीं लंडनमध्यें छपाईचे टाइप शीघ्र ओतणारें यंत्र रचिलें. नामदार गोखले यांच्या मध्यस्थीनें जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा यांचें साह्य त्यांना लाभलें, व १९१० मध्यें उभयतांच्या नांवें मंडळ निघालें. टाटांचें औदार्य निर्विवाद. पण छपाईचीं यंत्रें करणें हा त्यांचा धंदा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९१५ मध्यें, तें मंडळ बंद झालें. भिसे पुढें अमेरिकेस गेले आणि १९३५ मध्यें तेथेंच निवर्तले.

सांख्यशास्त्रांत पंग्वंधन्याय सांगितला आहे. पांगळ्यास दृष्टि असते, आंधळ्यास पाय. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला म्हणजे दोघेहि मुक्कामीं पोंचतात. पांगळ्याच्या हातीं नाण्यांची थैली दिल्यानें मात्र त्यास पाय फुटत नाहींत.

म्हणून आम्हीं सांगितलें कीं, बांधी तूर्त विकूं नये. प्रथम पेटंटचा अर्ज करावा, कारण चारचौघांत उघड झालेली युक्ति कायद्यानें नवी ठरणें कठीण. नंतर गोंदियाच्या एखाद्या भातगिरणीच्या मालकास एका हंगामापुरतें यंत्र चालवून पाहूं द्यावें. हिस्सा, मुदत व खर्च यांचा लेख आधींच करावा. यंत्र उपयोगी पडलें तर भागीदार मिळाला. न पडलें तर घरचें धान तरी राहिलें.

गृहस्थ उठतांना म्हणाले, “मास्तर, पोर हिरमुसेल. त्याला हें सांगावें कसें?”

आम्हीं म्हटलें, “सांगूं नका. त्यालाच बरोबर घेऊन गिरणीवर जा.”