कासवाचे पिल्लू खात का नाही?

इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका कोकणी वाचक भगिनीचे पत्र आम्हाला आले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बागेत हर्मन जातीची कासवे आहेत. त्यांची अंडी त्यांनी उबवणीच्या पेटीत ठेवली आणि त्यातून निघालेले एक पिल्लू या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाला भेट दिले. सहा दिवस झाले, पिलाने पानाला तोंड लावलेले नाही. दादी म्हणतात केळे कुस्करून द्या. कोणी सांगते, दुधात पाव भिजवून पाहा. मुलगा शाळेतून येतो तो दप्तर टाकून पेटीपाशी बसतो आणि रडकुंडीला येतो. परवा त्याने टूथपिक घेऊन पिलाचे तोंड उघडायचा प्रयत्न केला. "ते मेले तर पोराला काय सांगू?" असे या माउलीने विचारले आहे.

मासिक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून आम्ही उत्तर लगेच कळवले. तेच इथे जरा सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट, ते पिल्लू उपाशी नाही. अंड्यातला बलक पिल्लू बाहेर येण्याआधी पुरता संपलेला नसतो. उरलेला बलक पिशवीसकट पोटात ओढला जातो, आणि त्यावर पिलाचे पुढचे काही दिवस निघतात. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना हे सांगायला नको. नुकते निघालेले कोंबडीचे पिल्लू दोन दिवस दाण्याविना राहते ते याच शिदोरीवर. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांनी समुद्री कासवांची पिल्ले पाण्याकडे धावताना पाहिली असतील, त्यांनी याच बलकाचे बळ पाहिले. त्यांना समुद्रात शिरल्यावरही सुरुवातीचे दिवस तेच पुरते. जमिनीवरच्या कासवाची काही पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाऊ लागतात, काही आठवडाभर नाही, एखादे दोन आठवडेही घेते.

पोटाखाली मधोमध वाटाण्याएवढी पिवळसर गाठ दिसत असेल तर तो अजून आत न गेलेला बलक आहे. तिला हात लावू नये, ओढू नये. ती आत जाईपर्यंत पिलाला ओलसर कागदी रुमालावर ठेवावे, माती-भुशावर नाही. नाकाच्या टोकावरचा बारीक टोकदार दाणा अंडे फोडण्यासाठी असतो, तो आपोआप पडतो.

आता टूथपिकबद्दल. दहा-बारा ग्रॅमच्या जिवाचा जबडा केवढा असणार? जबरदस्तीत तो दुखावतो, आणि भरवलेले पातळ अन्न श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसे बिघडतात. केळे आणि गोड फळे त्याच्या आतड्याला सोसत नाहीत, दूध तर त्याच्या जातीला ठाऊकच नाही. दादींची माया आम्हाला समजते. घरात कोणी जेवले नाही की आपल्या बायकांच्या घशाखाली घास उतरत नाही. पण या पाहुण्याला या दिवसांत घास नको आहे. त्याला पाणी हवे, ऊब हवी आणि आडोसा हवा.

त्यातही पाणी सगळ्यांत आधी. इतकी लहान पिल्ले भुकेपेक्षा कोरडी पडून जास्त मरतात. दिव्याच्या उष्णतेने अंगातले पाणी उडते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी उथळ ताटलीत कोमट पाणी घ्यावे. मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये आणि गारही. पाणी पाठीची ढाल पोटाच्या ढालीला जिथे जुळते तिथवरच, हनुवटी वर राहील इतके. दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, समोरून हलू नये. पिल्लू मान खाली घालून बराच वेळ पाणी पिते. पाण्यातच घाण करते, तेव्हा पांढरट खडूसारखे काही पडले तर घाबरू नये, ते लघवीबरोबरचेच असते. मग मऊ फडक्याने टिपून परत पेटीत. बलक अजून बाहेर असेल तर पाणी जेमतेम बोटाच्या पेरभरही नको.

उबेचे असे, की कासवाचे अंग बाहेरून तापते. अंग गार असेल तर भूक लागत नाही, आणि खाल्लेले पचत नाही. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली 32 ते 35 अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला 22 ते 24 असावे, म्हणजे ते आपली जागा स्वतः निवडते. हे अंदाजाने ठरवू नये, थर्मामीटर ठेवावा. साध्या दिव्याबरोबर अतिनील किरणांचा दिवाही लागतो, नाहीतर हाडे आणि कवच मऊ राहते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्यासाठी कामाचे नाही. काच ती किरणे अडवते. उलट काचेची पेटी उन्हात ठेवली तर पिल्लू आत भाजून निघते.

आडोशाचा विचार फार कमी लोक करतात. रानात पिलाला पक्षी उचलून नेतात, म्हणून पाल्याखाली दडून राहणे हा त्याचा धर्मच. पांढऱ्या उघड्या टबमध्ये ठेवून चार डोकी वरून वाकली तर ते खाणार कसे? किंचित ओलसर माती, वर थोडा पाला, अर्धी तुटलेली कुंडी आडवी करून द्यावी. आणि दर तासाला उचलून पाहणे थांबवावे.

खाणे रोज सकाळी ताजे ठेवावे, खाल्ले नाही तर संध्याकाळी उचलावे. सपाट फरशीच्या तुकड्यावर बारीक चिरलेली रानपाने पसरावीत. इंग्लंडात पिवळ्या फुलाचे डँडेलियन आणि क्लोव्हर जागोजागी उगवते. फवारणी नसलेल्या जागेचे घ्यावे. जास्वंदीची फुले-पाने आणि तुतीचा पालाही चालतो. काकडी आणि फिकट लेट्यूस यांत पाण्याशिवाय फारसे काही नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवावा, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर सापडणारे म्हाकुळाचे पांढरे हलके हाड. रंगाकडे पिल्लू आधी वळते. या घरातल्या पिलाने नवव्या दिवशी डँडेलियनची पिवळी पाकळी कुरतडली, असा निरोप आम्हाला आला. पाहायला कोणी नव्हते, फक्त दातेरी कड दिसली.

मुलाला काम हवे असेल तर स्वयंपाकातल्यापेक्षा वेगळा डिजिटल काटा आणून द्यावा. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचे. पहिल्या दिवसांत ग्रॅमभर उतरले तरी चालते, खाऊ लागल्यावर चढले पाहिजे. नर की मादी हे मात्र त्याने विचारू नये, ते कळायला वर्षे लागतात. अंडी कमी उबेत राहिली तर नर आणि जास्त उबेत मादी, इतके उबवणाऱ्या गृहस्थांना विचारता येईल.

नाकातून फुगे येणे, तोंड उघडे टाकून श्वास घेणे, डोळे सुजून मिटणे, पाय लुळे पडणे, बलकाची पिशवी फुटणे किंवा तिला वास येणे, यांपैकी एकही दिसले तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे न्यावे. दोन आठवडे उलटले, खाणे नाही आणि वजन उतरतच आहे, तरीही न्यावे.

एक गोष्ट घरच्यांसाठी. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत मुलांना यामुळे आजार होऊ लागले तेव्हा 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कासवे विकण्यावर बंदी आली. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवावेत, त्याची ताटली मोरीत धुवावी, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नये.

हे वाचून आपल्याकडे कोणाच्या मुलाने कासवाचा हट्ट धरला तर सांगून ठेवतो. हर्मनचे कासव इंग्लंडात पाळता येते, मात्र त्याच्या विक्रीला सरकारी प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव बाजारात चोरून विकले जाते, घरात बरकत येते असे सांगून. ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहे. विकत घेणे आणि घरात ठेवणे दोन्ही गुन्हे आहेत. कोणाकडे आधीच असेल तर वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. सुटका म्हणून ते तळ्यात किंवा नदीत सोडू नये. ते जमिनीवरचे कासव आहे, खोल पाण्यात बुडून मरते.