हुंडा दिला, हे कोर्टात कसे सांगू?

मुलीचा सासरी छळ होतो, प्रकरण कोर्टात जाते आणि नेमके ज्यांना सगळे ठाऊक आहे तेच मागे सरतात. अब्बा म्हणतात, "पैसे मीच मोजून दिले. तसे सांगितले तर मीच आत जाईन." लग्न जुळवणारे मामू तर समन्सचे नाव काढताच घाबरतात.

ही भीती अगदीच खोटी नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार हुंडा घेणे जसा गुन्हा, तसा देणेही गुन्हा. शिक्षा किमान ५ वर्षे कैद. (मेहर मात्र हुंडा नव्हे, असे हाच कायदा सांगतो.) पण देणारा गप्प बसला तर घेणाऱ्याविरुद्ध बोलणार कोण? म्हणूनच याच कायद्याचे कलम ७ सांगते की, गुन्ह्याची झळ बसलेल्या व्यक्तीने दिलेल्या निवेदनामुळे तिच्यावर या कायद्याखाली खटला भरता येत नाही.

मग मामूंचे काय? त्यांच्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३७ आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात ते कलम १३२ होते. खटल्याशी संबंधित प्रश्न विचारला, तर "उत्तर दिले तर मी अडकेन" असे म्हणून साक्षीदाराला गप्प राहता येत नाही. उत्तर द्यावेच लागते. पण अशा सक्तीच्या उत्तरावरून त्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि ते उत्तर फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोटी साक्ष दिली तर हे संरक्षण नाही. संरक्षण त्या उत्तरापुरते आहे. पावत्या किंवा बँकेच्या नोंदी असा स्वतंत्र पुरावा वेगळा. आणि प्रश्नाबद्दल हरकत असेल तर ती उत्तर देण्यापूर्वीच न्यायाधीशांना सांगावी.

समन्स आले तर आधी वकिलाला भेटा. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अब्बा आणि मामू गप्प राहिले, तर त्या मुलीला कोर्टात एकटीलाच उभे राहावे लागेल. खरी गवाही देणाऱ्याला कायद्याने आधार दिला आहे. तो आधार घेऊन तिच्या बाजूने उभे राहा.