प्लेगच्या काळातले अडाणी कोण?

29 ऑक्टोबर 1896 रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. महिनाभरापूर्वीच मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. ज्यांच्यासाठी इस्पितळ होते तेच ते मोडायला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि आपल्यातल्याही बऱ्याच शिकल्यासवरलेल्यांनी ‘अडाणीपणा’ म्हणून हे प्रकरण निकालात काढले. सव्वाशे वर्षांनंतरही आपण तसेच करतो, म्हणून हा जुना मामला पुन्हा उघडायला हवा.

शहरात तेव्हा नाना कंड्या पिकल्या होत्या. इस्पितळात माणसे मारून त्यांची मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजे मागवली आहेत. साऱ्या खोट्या. पण त्यांच्या मुळाशी जी समजूत होती ती पिढ्यान्‌पिढ्यांची होती: माणसाने आपल्या माणसांत मरावे, तोंडात पाणी घरच्यांनी घालावे, प्रेताला परक्याने हात लावू नये. इस्पितळ नेमके हेच सारे हिरावून घेत होते. त्यामुळे लोक काखेतली, जांघेतली गाठ लपवत. रोगी अगदी शेवटच्या घटकेला इस्पितळात पोचे आणि बहुधा दगावे. मग आळीत सगळे म्हणत, बघा, आत गेलेला परत येत नाही. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, त्याला मूर्ख म्हणायचे कसे?

आता सरकारकडे वळू. सरकारचीही एक पक्की समजूत होती. प्लेग घाणीतून येतो, गरिबाच्या अंधाऱ्या खोलीत दबा धरून बसतो आणि ‘नेटिव्ह’ माणसाला दटावल्याशिवाय काही समजत नाही. 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि मार्चपासून पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली झडत्या सुरू झाल्या. गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरले. बायकांना बाहेर काढून तपासले, सामान रस्त्यावर आणून जाळले, भिंतींना चुना फासला, घरातली माणसे कॅम्पात नेली. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या गोळीमागचा राग उंबरा ओलांडल्याचाही होता, हे विसरून चालणार नाही.

आणि रोगाबद्दल खरे कोणाला कळले होते? घरात उंदीर पडले की घर सोडायचे, बाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे, ही आपल्या खेड्यांची रीत. त्यामागे देवीच्या कोपाची भीती असेलही, पण तिच्याबरोबर डोळसपणे टिपलेला अनुभवही होता. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवले, तर जाणत्यांनी ते मानले नाही. पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने ते पक्के झाले. म्हणजे ऐन साथीत सरकार फिनेल ओतत होते आणि उंदीर पडताच गाव सोडणारा शेतकरी योग्य तेच करत होता. आमच्या मते त्या सबंध प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच.

समजुतीला हात घालणारी माणसेही तेव्हा होती. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी वेगळे इस्पितळ काढले. मुंबईत जातीजातींची इस्पितळे उघडली आणि जिथे घरच्यांना रोग्याजवळ बसता येई तिथे लोक आपणहून जाऊ लागले. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनने ती आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली. सावित्रीबाई फुले यांनी तर मुंढव्याहून आजारी पोराला पाठीवर घालून मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणले आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. सक्ती मात्र चालूच होती. 1898 च्या मार्चमध्ये मुंबईत दंगल उसळली, तेव्हा कुठे सरकारचा हात हळूहळू सैल पडला.

मार्च 2020 मध्ये करोनासाठी देशभर आपण तोच 1897 चा कायदा बाहेर काढला. महिन्याभरात आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले थांबवण्यासाठी वटहुकूम काढून त्यात शिक्षा वाढवावी लागली. हल्लेखोरांना शिक्षा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण रोग्याला रुग्णवाहिकेत चढवताना घरच्यांना त्याचे शेवटचे दर्शन होईल का, अंत्यविधी कोण करील, हे प्रश्न तेव्हाही लोकांच्या मनात होते आणि त्यांची उत्तरे द्यायला फारसे कोणी जागेवर नव्हते.

पुढची साथ येईल तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीला वस्तीतली आशाताई, मौलवी, भटजी आणि स्मशानात काम करणारा माणूस यांना बोलवावे, आणि आदेश काढण्याआधी त्यांचे ऐकावे.