मणी मऊ, आकडा कडक

वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरले, की बागायतदाराला ते दोन बोटांत कळते. कालपर्यंत टणक लागणारा मणी आज दाबला की दबतो. मग खिशातला रिफ्रॅक्टोमीटर बाहेर येतो, काचेवर रसाचा थेंब पडतो आणि प्रकाश किती वळला यावरून साखरेचा ब्रिक्स समजतो. कडकपणा बोटाला विचारायचा, गोडी उजेडाला, अशी ही जुनी वाटणी. ब्रिलुआँ सूक्ष्मदर्शी ती मोडू पाहतो. पेशीला किंवा ऊतीला स्पर्शही न करता तिचा कडकपणा नुसत्या प्रकाशाने सांगतो, असा त्याचा लौकिक आहे. लौकिक आकर्षक आहे. पण जसाच्या तसा पदरात घेण्याजोगा नाही.

यंत्रामागचे तत्त्व मात्र पक्के. कोणत्याही पदार्थात उष्णतेमुळे सूक्ष्म ध्वनिलहरी सतत धावत असतात. त्यांच्यावरून परतलेल्या लेझरचा रंग किंचित सरकतो. लिऑन ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये हे भाकीत केले. हे सरकणे इतके बारीक, की ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी पाण्यात ते सुमारे ५ गिगाहर्ट्झ भरते, म्हणजे मूळ वारंवारतेच्या ७५ हजारांतला जेमतेम एक भाग. त्यावरून ध्वनीचा वेग काढायचा आणि वेगावरून पदार्थ दाबाला किती विरोध करतो ते. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या जुलियानो स्कार्सेली आणि सोक ह्युन युन यांनी २००८ मध्ये याच तत्त्वाला सूक्ष्मदर्शीची जोड दिली आणि पुढे माणसाच्या डोळ्यावरही मोजमाप करून दाखवले.

डोळ्याचेच प्रकरण आपल्याला जवळचे आहे. केराटोकोनसमध्ये कॉर्निया कमकुवत होऊन पुढे शंकूसारखा येतो आणि चष्म्याचा सिलिंडर नंबर वाढत राहतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागपूर परिसरातल्या ग्रामीण भागातल्या ३० वर्षांवरील ४,६६७ जणांचे डोळे मोजले गेले, २.३ टक्के लोकांत हा विकार आढळला. निकष केवळ वक्रतेचा होता, त्यामुळे आकड्यावर वाद घालता येईल. तरी हा विकार महाराष्ट्राच्या खेड्यांत दुर्मीळ आहे असे म्हणण्याची सोय उरली नाही. वक्रता बदलते ती नुकसान झाल्यावर. कॉर्निया आकार सोडण्याआधीच मऊ पडला आहे हे प्रकाशाने सांगितले, तर उपचार वेळेवर होतील आणि लॅसिक कोणावर करू नये हेही कळेल. म्हणून हे यंत्र हवे.

अडचण पुढे आहे. पाणी उतरलेला मणी या यंत्राखाली ठेवला तर काय दिसेल? साखर वाढलेल्या रसात ध्वनी अधिक वेगाने धावतो, प्रकाशही अधिक वळतो. तेव्हा आकडा बहुधा वरच जाईल. बोट म्हणेल मऊ झाला, यंत्र म्हणेल कडक झाला. खोटे कोणीच बोलत नाही, दोघांचे प्रश्नच वेगळे. बोटाला, आणि कॉर्नियावरच्या ताणालाही, जो कडकपणा जाणवतो तो मऊ ऊतींत किलोपास्कलमध्ये भरतो. ब्रिलुआँचा आकडा गिगापास्कलमध्ये, म्हणजे सुमारे दहा लाखपट. तिथे पाण्याचाच वरचष्मा असतो, कारण पाणी दाबून लहान करणे फार अवघड.

शिवाय ही चाचणी अब्जांश सेकंदांची. त्या वेगाला सावकाश वाहणारे द्रवही ताठर वागतात. सी. व्ही. रामन आणि सी. एस. वेंकटेश्वरन यांनी ग्लिसरीनबद्दल हेच १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते. आपल्याच देशातले काम, पण या यंत्राची जाहिरात करताना त्याची आठवण फारशी कोणाला होत नाही.

२०१८ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये एका गटाने उघडच लिहिले, की पाणीदार पदार्थांत हे मोजमाप कडकपणापेक्षा पाण्याच्या प्रमाणावर चालते. स्कार्सेली आणि युन यांनी त्याला उत्तरही दिले. वाद पुस्तकी वाटेल, पण दवाखान्यात तो पैशांचा होतो. केराटोकोनसवर रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाशाने कॉर्निया बळकट करतात. त्या थेंबांत डेक्स्ट्रान असेल तर तो कॉर्नियातले पाणी ओढून घेतो आणि कॉर्निया पातळ होतो. उपचारानंतर आकडा वाढला, तर श्रेय बळकटीचे की आटलेल्या पाण्याचे? रुग्णाच्या हातात ‘कडकपणा इतका’ असा छापील कागद देणाऱ्याला हे उत्तर देता आले पाहिजे.

तेव्हा कागदावर गिगाहर्ट्झ छापावेत, शेजारी कॉर्नियाची जाडी लिहावी आणि केवळ या आकड्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. नागपूरसारखी मोठी पाहणी पुन्हा होईल तेव्हा वक्रतेबरोबर हे मोजमापही व्हावे. आपल्या लोकांची सर्वसाधारण पातळी ठरल्याशिवाय परदेशी तक्ता इथल्या डोळ्यांना लावता येणार नाही. आणि वणीतल्या ज्या मुलाचा सिलिंडर नंबर दरवर्षी वाढतो, जो सतत डोळे चोळतो, त्याच्यासाठी नव्या यंत्राची वाट बघत बसण्याचे कारण नाही. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी आजच उपलब्ध आहे आणि चोळणे थांबवायला तर कोणतेही यंत्र लागत नाही.