नाव नसलेलं दुखणं



सोलापूरकडच्या एका बहिणीचं चार पानी पत्र आलं आहे. खाली तिनं ‘नाव छापू नका’ असं लिहिलंय, म्हणून नाव सांगत नाही. वय ३२. घरी सहा एकर रान, दोन म्हशी, एक गाय, दोन शाळकरी मुलं. तीन वर्षं झाली, दिवे लागणीला अंगात कणकण येते, रात्री घामानं अंथरूण ओलं होतं, आणि सकाळी कंबर नि सांधे धरलेले असतात. आठ-पंधरा दिवस बरे जातात, की पुन्हा तेच. पाच डॉक्टर झाले. एकानं टायफॉइड म्हटलं, एकानं संधिवात, एकानं रक्त कमी, आणि एकानं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. विमा कुठलाच नाही. पहिल्या वर्षी दोन शेळ्या गेल्या, दुसऱ्या वर्षी कानातली फुलं गहाण पडली. आता मालक गाय विकून पुण्याला नेतो म्हणतात. शेवटी ती लिहिते, ‘वहिनी, पाय मोडला असता तर बरं झालं असतं. निदान चारचौघांना दिसला तरी असता.’

खरं आहे बाई. आपल्या घरात दिसणाऱ्या दुखण्याला मान आहे. प्लास्टर घातलेल्या सुनेला कोणी पाणी आणायला सांगत नाही. पण ज्या दुखण्याला नाव नाही, त्याला रजाही नाही. मग ‘नाटकं करते’ म्हणतात, नाहीतर ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? माझी धाकटी जाऊ दिवसभर पेंगायची, तेव्हा मीच तिला आळशी म्हटलं होतं. दीड वर्षानं थायरॉइडचा दोष निघाला. रोज सकाळी एक गोळी, एवढंच औषध होतं. तिनं मला बोलून दाखवलं नाही. पण मला आठवतं.

आता पैशाची गोष्ट. सरकारची योजना नाही असं नाही. २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. मोठं ऑपरेशन असेल, हृदयाचं, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, तर तिचा आधार फार मोठा. पण तिच्यात आजारांच्या उपचारांची यादी आहे, आणि तो उपचार योजनेतल्या इस्पितळात भरती होऊन घ्यायचा असतो. ज्याच्या दुखण्याला नावच सापडलेलं नाही, त्यानं यादीत बोट कुठे ठेवायचं? नाव सापडेपर्यंतचा खर्च, म्हणजे दर डॉक्टरची फी, त्याच त्या रक्ताच्या तपासण्या, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, हे सगळं आपल्याच कनवटीचं जातं. शेळ्या तिथंच जातात.

आणि काही पैसे आपण आपल्या हातानं घालवतो. ‘बाटली लावली की बरं वाटतं’ असं या बहिणीनंही लिहिलंय. तिनं अकरा बाटल्या लावून घेतल्या. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं. हगवण-वांतीनं अंगातलं पाणी गेलं असेल तर ती जीव वाचवते; तीन वर्षांच्या कणकणीला तिचा काही उपयोग नाही. त्याहून वाईट त्या बिननावाच्या पुड्या. दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, भूक लागते, माणूस डॉक्टरला देव मानतो. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं दुखणं झाकलं जातं आणि खऱ्या डॉक्टरालाही मग सापडत नाही. मात्र बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊन सरकारी डॉक्टरांना दाखवा.

मला या पत्रात खरी मेख सापडली ती तिसऱ्या पानावर. तिथं तिनं खर्चाचा हिशेब मांडलाय, आणि जाता जाता लिहिलंय, ‘त्यातच म्हैस गाभडली, वारही हातानं काढावी लागली.’ मी तिला उलट टपाली विचारलं, हे कुठल्या डॉक्टरला सांगितलंस का? उत्तर आलं, ‘म्हशीचं माणसाच्या डॉक्टरला काय सांगायचं?’

सांगायचं, ताई! जनावरांना ब्रुसेलोसिस नावाचा सांसर्गिक गर्भपाताचा रोग होतो. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं, वार अडकते. त्या वारेला, पाडसाला उघड्या हातानं शिवलं, किंवा निरसं दूध पिण्यात आलं, तर तो रोग माणसालाही होतो. मग ताप चढतो-उतरतो, रात्री घाम सुटतो, कंबर नि सांधे धरतात आणि महिनोन्‌महिने माणूस झिजतो. टायफॉइड, क्षय, संधिवात या सगळ्यांशी त्याचं रूप मिळतं. रक्ताच्या तपासणीत त्याचा माग लागतो. पण डॉक्टराला त्याचा संशय यायला हवा, आणि गोठ्याचं कळल्याशिवाय संशय येत नाही. दोन औषधं मिळून निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर दुखणं उलटतं. या बहिणीला हेच झालंय असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नव्हे. क्षय असू शकेल, संधिवातही असेल. संधिवात तर सुरुवातीला रक्तात दिसेलच असं नाही, म्हणून रिपोर्ट चांगला आला की ‘काही नाही तुला’ असं घरच्यांनी म्हणू नये.

म्हणून तिला मी असं कळवलंय. मुलाची एक जुनी वही घे. ताप कधी आला, थर्मामीटरवर किती होता, कुठला सांधा धरला, कोणतं औषध घेतलं, हे तारखेसह लिही. पाळी, गर्भपात, घरात कुणाला क्षय झाला होता का, तेही लिही. गोठ्याचं एक पान वेगळं ठेव. पाचही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट तारखेप्रमाणे टोचून ठेव. सहावा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो, कारण आपण दर वेळी कोऱ्या हातानं जातो.

ही वही घेऊन आधी ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिलला जायचं. सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर नि तपासण्या मोफत केल्या आहेत. रांग लांब असते, एक दिवस जातो, हे मलाही ठाऊक आहे. दुखण्याला नाव मिळालं आणि भरती व्हायची वेळ आली, तर रेशनकार्ड-आधार घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राला गाठायचं. थुंकीतून रक्त पडलं, धाप लागली किंवा वजन झपाट्यानं उतरलं, तर मात्र वही पुरी व्हायची वाट पाहू नये.

कारभारी मंडळींना एक विनंती. कणकण संध्याकाळी येते, तर संध्याकाळची धार तुम्ही काढा. हातमोजे घाला, दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका. त्यात कमीपणा कसला?

गाय तूर्त दावणीलाच राहू द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून तिचं आणि दोन्ही म्हशींचं रक्त तपासून घ्या. चार ते आठ महिन्यांची कालवड किंवा पारडी असेल, तर तिला या रोगाची लस एकदाच टोचतात, तेही विचारा. आणि ताई, म्हैस कितव्या महिन्यात गाभडली, ते तुम्ही दुसऱ्या पत्रातही लिहिलेलं नाही. तेवढं आठवून वहीत लिहा, आणि मला कळवा.