गोठ्यातील विष आणि गुरांची जीवनसत्त्वे

पावसाळ्याचे चार महिने सावंतवाडी तालुक्यातील गुरांना सुखाचे असतात. डोंगरउतारावर, बांधांवर व पडीक रानात हिरवे गवत मुबलक मिळते. या गवतातील कॅरोटीन नावाच्या द्रव्यापासून मुख्यत्वे जनावराच्या आतड्यात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते व त्याचा साठा यकृतात होतो. फाल्गुनानंतर भाताच्या पेंढ्यावर गुजराण करणारी गाय मृगाच्या सरीपर्यंत वस्तुतः याच साठ्यावर दिवस काढीत असते. साठा संपला की रातांधळेपणा, अशक्त वा आंधळी वासरे, जार अडकणे, गाय गाभण न राहणे अशी लक्षणे दिसू लागतात. मग शेतकरी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मागतो. पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु रांजणास भोक पडले असेल, तर नुसते पाणी ओतून काय उपयोग?

असे भोक विषामुळे पडू शकते, हे एका रोगाने जगास शिकविले. 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेत गुरांना एक अनोळखी रोग जडला. डोळ्यांतून पाणी गळे, लाळ वाहे, मानेची कातडी जाड होऊन तिला सुरकुत्या पडत व जनावर खंगत जाई. कारण ठाऊक नसल्याने त्यास ‘एक्स रोग’ म्हणू लागले. रक्ततपासणीत ‘अ’ जीवनसत्त्व फार कमी आढळले. पुढे उलगडा झाला, की पशुखाद्याच्या यंत्रांच्या वंगणातील क्लोरिनयुक्त नॅप्थॅलीन खाद्यात उतरत होते व कॅरोटीनचे जीवनसत्त्वात होणारे रूपांतर बिघडवीत होते. जर्मनीत तर लाकडास लावलेल्या रक्षक द्रव्यातूनही हेच विष गुरांच्या पोटात गेले. वंगणातून ते द्रव्य वगळल्यावर रोग ओसरला.

डायॉक्सिन व तत्सम विषे यकृतातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा रिकामा करतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची कथाही अशीच आहे. उन्हामुळे कातडीत तयार झालेले हे जीवनसत्त्व यकृतात व नंतर मूत्रपिंडात संस्कार झाल्यावरच कार्यक्षम होते. शिसे व कॅडमियम मूत्रपिंडावर आघात करतात. जपानमधील जिंझू नदीकाठी कॅडमियममुळे माणसांची हाडे मऊ होऊन मोडू लागली. 1968 साली तेथील शासनाने तो प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले.

ही उदाहरणे दूर देशांची असली, तरी त्यांतील धडा आपल्या गोठ्याशी निगडित आहे. वाळवीपासून बचाव म्हणून खांबांना व गव्हाणीला गाडीचे जळके तेल फासले जाते. जुन्या रंगाच्या वा औषधाच्या डब्यांतून गुरांना पाणी पाजले जाते. निकामी बॅटऱ्या परसात पडून राहतात. खताच्या प्लॅस्टिक पिशव्या गोठ्याजवळच जाळल्या जातात. गुरांना चाटण्याची सवय असते. जळक्या तेलात जड धातू व विषारी संयुगे असतात, बॅटरीत शिसे असते आणि क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक जाळल्याने डायॉक्सिन निर्माण होऊन राखेवाटे व धुरावाटे चाऱ्यावर बसते.

जळके तेल स्वस्त आहे व वाळवीचा उपद्रव मोठा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. परंतु खांबाचा पाया जांभ्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर घेतला, गव्हाण चिऱ्याची बांधली आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळोवेळी खरडून काढल्या, तर तेलाची गरज बरीच कमी होते. दोन गायींच्या धन्यास एक वेत वाया जाणे हे याहून कितीतरी महाग पडते.

यास्तव विस्तारकार्याची रीतही बदलली पाहिजे. जीवनसत्त्वाचे औषध देण्यापूर्वी गोठा पाहावा, खांब व भांडी पाहावीत, आसपास काय जाळले जाते हे विचारावे. अन्यथा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी गत व्हावयाची. काजूबागेत फवारणी झाल्यावर, औषधाच्या वेष्टनावर दिलेली मुदत संपेपर्यंत तेथे गुरे सोडू नयेत, हे तर सर्वांनीच पाळावे.

हिरवा चारा व खनिज मिश्रण यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु पोषण म्हणजे केवळ तोंडात काय घातले एवढेच नव्हे. त्याबरोबर कोणते विष पोटात जाऊ दिले, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. पावसाळ्यात निसर्ग गायीच्या यकृतात जी पुंजी भरतो, ती आपल्याच हातांनी उधळली जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक गोपालकाने घेणे अगत्याचे आहे.